मक्यावर पोसलेली पोरं

लाइनमन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीज मंडळाचा माणूस येतो. भर पावसात खांबावर चढणारा आणि दिवाळीला पोस्त मागायला दारात उभा राहणारा. आज ज्या लाइनमनबद्दल लिहायला बसले आहे तो मात्र निराळा. तो अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेला हा विषय कुठून सुचला, असं तुम्ही म्हणाल. कारण साधं आहे. लेक आयोवात असते. दर दोन-तीन वर्षांनी चार-सहा महिने तिच्याकडे जाणं होतं आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथे शनिवारी दुसरं काही घडतच नाही. सुरुवातीला मी विणकाम घेऊन टीव्हीसमोर बसायचे. आता विणकाम बाजूला राहतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. प्रत्येक बाजूला अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांचे पाच आडदांड गडी पुढे ओळीने उभे राहतात. हे ऑफेन्सिव्ह लाइनमन. चेंडू घेऊन पळणं हे त्यांचं काम नव्हे. मागच्या क्वार्टरबॅकला जपायचं आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढंच. त्यांच्या समोर तीन-चार तितकेच धिप्पाड गडी असतात, ते डिफेन्सिव्ह लाइनमन. त्यांनी ही भिंत फोडायची. सव्वाशे-दीडशे किलोची माणसं दर खेळीला एकमेकांवर आदळतात, आणि टाळ्या मात्र मागच्या पळणाऱ्याला पडतात. आपल्याकडे लग्नघरातल्या आचाऱ्याचं असतं तसंच.

विद्यापीठांचे कोच ही पोरं हायस्कुलातून निवडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची उंची, वजन, हातांची लांबी मोजतात, त्याला शिष्यवृत्ती देऊ करतात. बाहेरच्या कंपन्या त्या मुलाला दोन, तीन, चार, पाच असे तारे देतात. आणि या सगळ्या भरतीच्या मागे एक समजूत ठाण मांडून बसलेली आहे. तिच्याशीच माझं भांडण आहे.

ती समजूत अशी. ऑफेन्सिव्ह लाइनमन हवेत तर मिडवेस्टमध्ये जा. आयोवा, विस्कॉन्सिन, नेब्रास्का. तिथली पोरं मक्यावर पोसलेली, शेतात राबलेली, कष्टाळू, समजूतदार. डिफेन्सिव्ह लाइनमन हवेत तर दक्षिणेत जा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना. तिथली पोरं जन्मतःच चपळ. आणि पॅसिफिकमधल्या सामोआची पोरं तर काय, देवानंच या कामासाठी घडवलेली. हे टीव्हीवरचे लोक म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि आमचे जावईही म्हणतात. "आई, इथली मातीच तशी आहे," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मातीत मका येतो. माणसं घरात, शाळेत आणि तालमीत तयार होतात."

जावयांशी वाद घालायचा नाही अशी आपली रीत. म्हणून तो इथे घालते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. प्रादेशिक फरक आहे. व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्या निवडीत दक्षिणेतल्या डिफेन्सिव्ह लाइनमनचा भरणा मोठा असतो हे कुणीही पाहू शकतं. २०२१ साली जॉर्जिया विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं ठरलं. त्यांच्या बचाव फळीतले पाच जण २०२२च्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले, आणि सगळ्यांत पहिला निवडला गेलेला ट्रॅव्हॉन वॉकर हा जॉर्जियातल्याच थॉमस्टन गावचा. आयोवा आणि विस्कॉन्सिनने ऑफेन्सिव्ह लाइनमनची रांग लावली हेही खरं. प्रश्न फरक आहे की नाही हा नाहीच. तो आला कुठून, हा आहे.

मक्यापासूनच सुरू करू. आयोवात मैलोन् मैल मका आहे, पण त्यातला बहुतेक जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जातो. पोरांच्या ताटात जातो तो अगदी थोडा. 'मक्यावर पोसलेला' हा शब्द मुळात गुराढोरांसाठीचा. तो माणसांना लावताना कुणाला काही खटकत नाही याचंच मला नवल वाटतं.

आणि ते शरीर? जो थॉमस हा विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा. २००६ साली देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारा आउटलंड पुरस्कार त्याला मिळाला. पुढे व्यावसायिक संघात तो सलग १०,३६३ खेळी एकही न चुकवता खेळला आणि २०२३ साली त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. मिडवेस्टच्या मातीचा नमुना म्हणून कुणाचं बोट धरायचं तर याचंच. हा माणूस २०१८मध्ये निवृत्त झाला आणि बघता बघता बावीस-तेवीस किलोंनी उतरला. म्हणजे ते वजन निसर्गानं दिलेलं नव्हतं. ते खाऊन खाऊन, कामाची गरज म्हणून चढवलेलं होतं. काम संपलं, वजन गेलं. माती मात्र तीच राहिली.

आयोवाचं गुपित पाहायचं तर त्यांच्या पोरांचा आधीचा इतिहास वाचा. कर्क फेरेन्ट्झ १९९९ साली तिथे मुख्य कोच झाले आणि पाव शतकाहून अधिक काळ राहिले. त्याआधी ऐंशीच्या दशकात ते तिथेच लाइनचे कोच होते. त्यांच्या हाताखालचा रॉबर्ट गॅलरी २००३ सालचा आउटलंड विजेता. तो कॉलेजात आला तेव्हा लाइनमन नव्हताच, टाइट एंड होता, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांतला. २०१४चा विजेता ब्रँडन शर्फ हायस्कुलात काही काळ चक्क क्वार्टरबॅक होता. टायलर लिंडरबॉम डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून आला, त्याला सेंटर केलं, आणि २०२१ साली तो देशातला सर्वोत्तम सेंटर ठरला. आता सांगा, यात जन्मजात ऑफेन्सिव्ह लाइनमन कुठे आहे? इथे दिसतो तो वेळ. पहिलं वर्ष सामने न खेळवता मुलाला नुसतं घडवायचं, त्याला तिकडे रेडशर्ट म्हणतात. मग दोन वर्षं मागे उभं करायचं, जेवण, व्यायाम, पायांची ठेवण. आयोवाची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास. पाच ताऱ्यांची पळणारी पोरं तिथे रांगा लावत नाहीत. मग जे वेळ देऊन घडवता येतं ते त्यांनी घडवलं. गरिबाच्या घरी उरल्या भाताचा फोडणीचा भात चांगला होतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात कौशल्य आहे, चिकाटी आहे. माती नाही.

नेब्रास्काची गोष्टही हीच. टॉम ऑस्बर्न यांच्या काळात तिथे वॉक-ऑन पोरांची परंपरा होती. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चानं येऊन संघात जागा मागणारा. छोट्या छोट्या गावांतली पोरं यायची, तीन-चार वर्षं घाम गाळायची आणि त्यांतली काही थेट पहिल्या अकरात जायची. दार उघडं ठेवलं म्हणून माणसं आत आली.

आपल्याकडेही कोल्हापूरच्या मातीचं असंच कौतुक होतं. पण कोल्हापूरला पैलवान मातीतून उगवले नाहीत. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं. राजाश्रय काढून घ्या आणि मग माती किती पैलवान देते ते पाहा.

आता दक्षिणेकडे वळू. इथे गोष्ट नुसती मजेची राहत नाही.

दक्षिणेतली काळी पोरं उत्तम डिफेन्सिव्ह लाइनमन होतात म्हणून दक्षिणेतली विद्यापीठं मोठी झाली, असं आज सांगतात. साठ वर्षांपूर्वी हीच विद्यापीठं या पोरांना दारात उभी करत नव्हती. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेल्बीचा बॉबी बेल घरापासून शेकडो मैल दूर, बर्फाच्या मिनेसोटात शिकायला गेला आणि १९६२ साली तिथून आउटलंड पुरस्कार घेऊन बाहेर पडला. त्याच राज्यातल्या विन्स्टन-सेलमचा कार्ल एलरही मिनेसोटातच गेला. टेक्ससमधल्या ब्यूमाँटचा बब्बा स्मिथ मिशिगन स्टेटला गेला आणि १९६७ साली व्यावसायिक निवडीत देशात पहिला आला. बर्मिंगहॅमचा बक बुकॅनन काळ्यांच्या ग्रॅम्बलिंग कॉलेजात गेला आणि १९६३ साली तेव्हाच्या एएफएल या स्पर्धेच्या निवडीत पहिला ठरला. तेव्हा दक्षिणेची माती काय वांझ होती? पोरं तीच, हवा तीच, ऊन तेच. कायदा आणि मनं बंद होती एवढंच. अलाबामाच्या संघातून पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ साली. जॉन मिचेल त्याचं नाव. तो त्याच राज्यातल्या मोबील शहरचा, आणि डिफेन्सिव्ह एंड. पण तो आला तो दूरच्या ॲरिझोनातल्या एका ज्युनियर कॉलेजातून. घराजवळच्या विद्यापीठात पोचायला त्याला अर्धा देश ओलांडावा लागला. पुढच्याच वर्षी तो संघाचा सहकर्णधार झाला.

म्हणजे १९६० साली नकाशा काढला असता तर उत्तम लाइनमन मिनेसोटा आणि मिशिगनचे असं दिसलं असतं, आणि कुणीतरी शहाण्यानं थंड हवेचा महिमा सांगितला असता. आज नकाशा वेगळा दिसतो म्हणून उष्ण हवेचा सांगतात. नकाशा कुठे कोण जन्मलं ते दाखवत नाही. कुणाला कुठे घेतलं ते दाखवतो.

आणि मग तो डोकं आणि अंग असा भेद. मिडवेस्टची पोरं विचार करणारी, दक्षिणेची अंगानं खेळणारी. हा भेद प्रदेशाच्या नावानं बोलला जातो, पण आतून तो रंगाचा आहे, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तरी तज्ज्ञांनी सांगितलेलं आहेच. १९७० साली लॉय आणि मॅकेल्व्होग या दोन अभ्यासकांनी दाखवलं की बेसबॉल आणि फुटबॉलमध्ये मधल्या, निर्णयाच्या जागांवर गोरे खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त असतात. फुटबॉलमध्ये त्या जागांत सेंटर आणि त्याच्या शेजारचे गार्डही आले. काळ्या पोराला कडेला किंवा समोरच्या बाजूला ढकलायचं, आणि मग म्हणायचं की बघा, याला तेच जमतं. पुढे मायकल ओहर या मेम्फिसच्या मुलावर 'द ब्लाइंड साइड' हा सिनेमा २००९ साली निघाला. लोकांना तो फार आवडला. ओहरला मात्र आवडलं नाही. खेळ त्याला आधीपासून चांगला कळत होता आणि सिनेमात तो बुद्धू दाखवला, अशी त्याची तक्रार २०११च्या त्याच्या पुस्तकात आहे. इतक्या मोठ्या देहात बुद्धी असेल हे लोकांना पटत नाही, हेच खरं.

मातीवाल्यांना विचारा, वॉल्टर जोन्स कुठला? अलाबामातल्या ॲलिसव्हिलचा. विली रोफ? आर्कन्सामधल्या पाइन ब्लफचा. दोघे दक्षिणेतले, दोघे ऑफेन्सिव्ह टॅकल, दोघे हॉल ऑफ फेममध्ये. आणि जे.जे. वॉट? विस्कॉन्सिनमधल्या प्युऑकीचा गोरा मुलगा, त्या समजुतीप्रमाणे ऑफेन्सिव्ह लाइनसाठीच जन्मलेला. तो आधी सेंट्रल मिशिगनला टाइट एंड होता. ते सोडून घरी आला, पिझ्झा पोचवायचं काम केलं, विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला आणि पुढे तीनदा व्यावसायिक स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. हे अपवाद आहेत असं म्हणाल तर मी म्हणेन, ज्यांना संधी मिळाली ते दिसले. ज्यांना मिळाली नाही ते कुठल्या यादीत शोधायचे?

काही साध्या कारणांकडे तर कुणी बघतच नाही. फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा इथल्या हायस्कुलांत वसंतातही फुटबॉलचा सराव चालतो. कॉलेजचे कोच तेव्हा येऊन पोरं पाहतात. मिडवेस्टमधल्या बहुतेक शाळांत तो नसतो. पोरं हिवाळ्यात कुस्ती खेळतात आणि वसंतात गोळा फेकतात. टेक्ससमधल्या ॲलन गावच्या शाळेनं २०१२ साली ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. आयोवातल्या लहान गावांत अकरा पोरं जमत नाहीत म्हणून आठ-आठ जणांचे संघ करून सामने होतात. हे फरक डोळ्यांना दिसणारे आहेत. पण माती म्हटलं की मोजायचं काही उरत नाही.

सामोआचंही तेच. अमेरिकन सामोआची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. ट्यूना माशांचा कारखाना, सरकारी नोकरी, सैन्य किंवा फुटबॉल, यांपलीकडे तिथल्या तरुणापुढे वाटा थोड्या. २०१९चा आउटलंड विजेता पेनेई सेवेल तिथे जन्मला आणि कुटुंबाबरोबर युटात आला. ज्या पोरापुढे दोन-तीनच दारं असतात तो त्यांतल्या एका दारावर जीव तोडून धडका देतो. आणि आपण आरामखुर्चीत बसून म्हणतो, काय ते रक्त!

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं रागवण्यासारखं काय आहे? माणसं बोलतात, बोलू द्या. नाही. मी तेहतीस वर्षं तालुक्याच्या गावी शिकवलं. आमच्या स्टाफरूममध्येही अशी बोलणी ऐकली आहेत. अमक्या वाडीची पोरं अभ्यासाला नसतात, कबड्डीला बरी. तमक्या वस्तीच्या मुली शिवणाला हुशार, गणित त्यांना देऊ नका. बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. पण जूनमध्ये ठरवलेलं असं वाक्य पुढच्या मार्चमध्ये निकालपत्रावर खरं होऊन यायचं, कारण मधले नऊ महिने त्या मुलांना गणित कुणी नेटानं शिकवलेलंच नसायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाच्या गावाकडे बघून त्याचं काम ठरवणं म्हणजे शिक्षणाचा पराभव. मग ते गाव सांगोल्याजवळचं असो की सीडर रॅपिड्सजवळचं.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. शरीर मातीनं दिलं म्हटलं की त्या शरीराची जबाबदारी कुणावरच राहत नाही. जॉर्डन मॅकनेअर हा मेरीलँड विद्यापीठाचा ऑफेन्सिव्ह लाइनमन. १९ वर्षांचा. २९ मे २०१८ रोजी सरावात पळता पळता त्याला उष्माघात झाला. तातडीनं बर्फाच्या पाण्यात बसवलं तर अशी माणसं वाचतात. त्याला बसवलं नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. मोठ्या देहात उष्णता लवकर साठते आणि उशिरा निघते, हे शास्त्र. तो देह वाढवायला संस्थाच सांगते. मग तो सांभाळायचा कुणी? वजन चढवताना शंभर माणसं हाताशी असतात. खेळ संपल्यावर तेवीस किलो उतरवताना, गुडघे दुखताना, रक्तदाब वाढताना किती जण येतात?

आणि आता पैसा उघडपणे आला आहे. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात. जून २०२५मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ते योग्यच झालं, ज्याच्या घामावर स्टेडियम भरतं त्याला वाटा मिळायलाच हवा. पण त्याच तडजोडीत सामील विद्यापीठांना फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादाही आली. आधीपासून संघात असलेल्यांना सवलत दिली, पण पुढच्या वॉक-ऑन पोरांचं काय? नेब्रास्कातल्या छोट्या गावचा, तीन वर्षं मागे उभा राहून घडणारा लाइनमन आता त्या यादीत कुठे बसणार? ज्या धीरानं मिडवेस्टचे लाइनमन घडले तो धीरच यादीतून कापला जातो आहे. दहा वर्षांनी तिथले लाइनमन कमी झाले, तर कुणी १०५ या आकड्याचं नाव घेणार नाही. म्हणतील, पूर्वीसारखी पोरं राहिली नाहीत आता, माती बदलली.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला अमक्या भागाची पोरं अशी आणि तमक्या भागाची तशी असं सांगू लागलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. आत कुणाला घेत होते? बघायला कोण कुठे गेलं होतं? आणि घडायला वेळ कुणाला दिला? तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरही काही फरक शिल्लक राहिला, तर तो खुशाल मातीच्या नावावर लिहा. माझी हरकत नाही.

जावयांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही सामना बघताना फार बोलता." असो. तेही बरोबर आहे.